विस्तव न्यायला

९ जानेवारी १८३२

आत्याच्या घरी येऊन आज सहा दिवस झाले. बाबांचं पत्र आलं. कॉलेज अर्धवट टाकून आलेल्या मुलाला आपल्या घरात जागा नाही, डॉर्कसला दया येत असेल तर तिने ठेवून घ्यावं, असं त्यात आहे. डॉर्कसआत्याला दया वगैरे आलेली काही दिसली नाही. तिने पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि मला लाकडं फोडायला पाठवलं.

ते कॉलेजचं प्रकरण एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. ग्रीकच्या तासाला मी वहीत भलतंच काहीतरी लिहीत होतो. मास्तरने वही ओढून घेतली आणि त्या आठ ओळी सगळ्या वर्गापुढे वाचल्या, नाकात. 'रॉक्साना' या नावाशी तर मुद्दाम दोनदा थांबला. मी शाईची दौत फेकली. भिंतीवर फेकली, त्याच्यावर नाही. पण हा फरक कुणी लक्षातच घेत नाही.

आता जिच्या नावावरून हे सगळं झालं ती रॉक्साना स्टोवेल इथून अर्ध्या मैलावर राहते आणि तिला यातलं अक्षरही ठाऊक नाही. गेल्या उन्हाळ्यात मी इथे गवत कापायला आलो होतो, तेव्हा तिने मला आलं-काकवीचं पाणी दिलं होतं. "हळू पी, झीनस," एवढंच म्हणाली होती. त्या तीन शब्दांवर मी कॉलेजात चार महिने काढले.

१२ जानेवारी

आज ती आली! विस्तव न्यायला.

सकाळी नऊचा सुमार. बर्फ गुडघाभर. ती दारात उभी, हातात लांब दांड्याचं, झाकणाचं लोखंडी भांडं. म्हणाली, आमची चूल विझली. आत्या तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. या डोंगरात चूल विझणं म्हणजे काय, ते मलाही कळतं. कर्ती बाई रात्री निखारे राखेखाली झाकून निजते आणि सकाळी राख बाजूला करून त्यावरच नवा जाळ करते. आत्याची चूल तर म्हणे ती लग्न होऊन आली तेव्हापासून एकदाही थंड पडलेली नाही. जिची विझते तिला शेजाऱ्याच्या दारात भांडं घेऊन जावं लागतं आणि सगळं गाव ते बघतं.

आत्याने चिमट्याने निखारे भरून दिले. पण रॉक्सी बाकावर टेकली. मला विचारलं, कॉलेज का सोडलंस. मी ग्रीकचं सांगितलं, दौतीचं सांगितलं, वहीत काय होतं ते मात्र गाळलं. ती हसली. हसताना वरच्या ओठावर हात ठेवते, तिचा एक दात थोडा तिरका आहे म्हणून. इतकं बोलणं झालं की भांड्यातल्या निखाऱ्यांची राख झाली आणि आत्याला पुन्हा भरून द्यावं लागलं. आत्या म्हणाली, "विस्तव न्यायला आलेली माणसं आमच्याकडे उभ्यानेच बोलतात." रॉक्सीचे कान लाल झाले. थंडी फार होती.

मी भांडं घरापर्यंत पोचवतो म्हटलं. ती घाईघाईने नको नको म्हणाली आणि गेलीसुद्धा. माझ्याबरोबर दिसायला तिला लाज वाटत असावी. कॉलेजातून पळालेला माणूस.

१९ जानेवारी

आठवड्यात तिसऱ्यांदा. मला तिची काळजी वाटायला लागली आहे. घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. कॅप्टन स्टोवेल अठराशे चौदाच्या लढाईत पायात गोळी घेऊन आले, त्यांना वाकता येत नाही. म्हणजे चूल, गाय, दूध, सगळं तिच्यावर. थकून जात असेल. रात्री निखारे नीट झाकायचं राहून जात असेल.

मंगळवारी तर कहरच. मी दळण घेऊन चक्कीवर गेलो होतो तेव्हा ती आली होती. आत्याने सांगितलं ते असं: आली, झीनस कुठे म्हणाली, चक्कीवर म्हटल्यावर बरं म्हणाली आणि रिकामं भांडं घेऊन परत गेली. "विस्तव घ्यायचाच विसरली बिचारी," असं म्हणून आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, आत्या, बघ, किती दमली असेल, विस्तव न्यायला येते आणि विस्तवच विसरते. आत्याने कणीक इतक्या जोरात आपटली की टेबलावरचा दिवा हलला.

२६ जानेवारी

ओठ फुटला आहे. लिहिताना रक्त येतं.

ईनॉक लोहाराच्या भट्टीपाशी घोडीचा नाल बसवायला गेलो होतो. तिथे चार जण शेकत बसले होते. ऑर्सन पीक म्हणाला, स्टोवेलची पोरगी दिसायला बरी आहे, पण जिला साधी चूल राखता येत नाही तिला घरी नेऊन काय करायचं, रोज शेजारी भांडं घेऊन पाठवायचं का? सगळे हसले. त्यापुढचं मला फारसं आठवत नाही. ऑर्सनचं नाक आणि माझा ओठ. ईनॉकने लोखंड विझवायच्या टाकीतलं पाणी बादलीने आम्हा दोघांवर ओतलं आणि म्हणाला, माझ्या भट्टीत तापायचं ते लोखंडाने.

परत येताना कपडे अंगावर गोठले होते. पण मला एकच दिसत होतं. गाव तिचं नाव घेतं. जिची आई हयात असताना त्या घरची चूल नावाजलेली होती, तिला आता गबाळी म्हणतात. आणि ती बर्फातून अर्धा मैल येते, हे ऐकायला.

२८ जानेवारी

सुचलं.

चकमकीची पेटी. गावात प्रत्येकाकडे असते म्हणा, पण कशी? गंजकी, चिंध्या दमट, दगड झिजलेला, अर्धा तास हात सोलून घ्यावा तेव्हा कुठे एक ठिणगी धरते. म्हणून तर बायका पेटीच्या नादी न लागता शेजारी जातात. मी अशी पेटी करणार की पहिल्या तीन फटक्यांत विस्तव. आत घट्ट बसणारं दुसरं झाकण, त्याखाली जळकी चिंधी, बाजूला दगड, पोलाद आणि गंधकात बुडवलेल्या काड्या. बंदरावरच्या शहरात म्हणे घासली की पेटणारी काडी मिळते. मिळो. ती इथे डोंगरात यायला वर्षं लागतील आणि तिचा वास कुजक्या अंड्यासारखा असतो असं ऐकतो.

जमली तर घरोघर विकायला निघेन. बाबांनाही दिसेल. पण पहिली पेटी रॉक्सीला. मग बघतो कोण तिला नावं ठेवतो.

३ फेब्रुवारी

ईनॉकने जुन्या कानशीचं पोलाद ठोकून दिलं, हातात धरायला वाकवून. भांडणाचं एक अक्षर काढलं नाही. ठिणगी पाडायचा दगड मी कॅप्टनच्या जुन्या बंदुकीचा मागणार होतो, पण मग गुपित फुटेल. आत्याच्या वारलेल्या नवऱ्याच्या बंदुकीचा घेतला.

रॉक्सी काल आली होती. माझ्या बोटांना काय झालं विचारलं. पोलादाऐवजी बोटांवर दगड बसतो, पण हे कसं सांगणार? लाकडं फोडताना लागलं म्हटलं. तिने आत्याकडून मेणाचं मलम मागून घेतलं आणि स्वतः लावलं. मी श्वास घेतला की नाही आठवत नाही.

६ फेब्रुवारी

जळकी चिंधी बिघडली. कृती सोपी आहे: जुनं तागाचं कापड डबीत घालायचं, झाकण लावायचं, डबी निखाऱ्यांवर ठेवायची. धूर यायचा थांबला की काढायची आणि पूर्ण थंड होऊ द्यायची. मी थंड होऊ दिली नाही. झाकण उघडल्याबरोबर वारा लागला आणि सगळी चिंधी डोळ्यांदेखत लाल होऊन राख झाली. तीनदा. आत्याने दिलेल्या जुन्या सदऱ्याचं पाठीमागचं टोक संपलं. ती म्हणाली, आता पुढचं टोक मिळणार नाही, तू आधी थांबायला शीक.

११ फेब्रुवारी

थांबलो. डबी बर्फात पुरून जेवायला गेलो. घेवडा आणि डुकराचं खारवलेलं मांस, एकेक घास मोजून खाल्ला. परत येऊन उघडली. चिंधी काळी, मऊ, मखमलीसारखी. दुसऱ्याच फटक्याला ठिणगी पडली आणि चिंधीवर एक लाल ठिपका हळूहळू पसरत गेला. गंधकाची काडी टेकवली, निळी ज्योत.

आयुष्यात मी पहिल्यांदा काहीतरी शेवटपर्यंत नेलं.

१६ फेब्रुवारी

आज दिली.

ती विस्तवाला आली तेव्हा मी आधीच पेटी फडक्यात बांधून ठेवली होती. पेटवून दाखवली. तीन फटके. ती बघत होती. मी म्हटलं, ही तुझी. म्हटलं, आता कुणी तुला काही बोलणार नाही, चूल विझली तरी कुणाला कळणार नाही. आणि म्हटलं, आता तुला इथे कधीच यायला नको.

"कधीच?" ती म्हणाली.

"कधीच," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं, आनंद झाला होता म्हणून.

तिने पेटी हातात घेतली, झाकण उघडलं, लावलं. छान केली आहे म्हणाली. मग पेटी आणि रिकामं भांडं घेऊन गेली. मला वाटलं होतं ती हसेल. पण काही माणसं फार आनंद झाला की गप्प होतात, त्यातली ती असावी.

आत्या दिवसभर माझ्याशी बोलली नाही. विचारलं, काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. कॉलेजात दोन वर्षं काय शिकवतात याचा विचार करत होते."

२४ फेब्रुवारी

रॉक्सी आठ दिवसांत आलेली नाही. पेटी चालते आहे. मला अभिमान वाटायला हवा. वाटतो.

१ मार्च

आली नाही. ओढ्यापलीकडच्या हेमनांकडे पेट्या दाखवायला गेलो, दोन ठरल्या. परत येताना मुद्दाम स्टोवेलांच्या घरावरून आलो. धुराड्यातून सरळ, निवांत धूर निघत होता. ती अंगणात होती. मी हात केला. तिने मान हलवली आणि आत गेली.

माझी पेटी तिच्या चुलीपाशी आहे, मी नाही. वाट्याला आलं ते एवढंच.

९ मार्च

आत्या प्रार्थनेहून बातमी घेऊन आली. दक्षिणेकडच्या कापडगिरणीची गाडी पुढच्या आठवड्यात गावातून जाणार आहे, मुली गोळा करत. रॉक्सानाने नाव दिलं आहे. एक वर्षाचा करार. कॅप्टनना त्यांच्या मुलाकडे, रटलंडला पाठवायचं म्हणतात, आणि कॅप्टन तर सुनेचं नाव काढलं तरी काठी आपटतात.

मी म्हटलं, जाऊ दे. गिरणी मोठी आहे, तिथे ऑर्सन पीकसारखे नसतील, चांगली माणसं भेटतील. असं म्हणून मी पाण्याची बादली लाथ मारून उलटी केली. आत्याने फडकं माझ्या हातात दिलं.

१४ मार्च

बर्फ वितळायला लागलं आहे. मेपलच्या झाडांना खाचा पडल्या, सगळीकडे साखरेसाठी रस उकळतोय, हवेला गोड वास. आज आत्याने मला स्टोवेलांकडे रसाची कढई परत द्यायला पाठवलं. नको म्हणालो. तिने कढई माझ्या डोक्यावर ठेवली.

स्टोवेलांचं दगडी कुंपण जिथे उघडतं, तिथे फाटकाच्या आडव्या वाशांपाशी थांबलो. बर्फ खाली बसल्यामुळे खालचं वर आलं होतं. कुंपणाच्या कडेला बर्फात खड्डे होते, दहा-बारा, प्रत्येकाच्या तळाशी विझलेले कोळसे. ओतल्यासारखे, ढीग करून. आधी वाटलं कुणी इथे शेकोटी केली असेल. पण एवढ्या ठिकाणी, एवढ्या वेळा, कुंपणाच्या आडोशाला? कोळसे हातात घेतले. मेपलचे, चांगले मोठे. आत्या असेच निवडून देते.

कॅप्टन एकटेच होते. रॉक्सी चुलतबहिणीकडे गिरणीसाठी कपडे शिवायला गेली होती. मी कढई ठेवली आणि विचारलं, तिथे कुंपणापाशी कोळसे कुणी टाकले.

कॅप्टननी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, "मी लंगडा आहे रे, आंधळा नाही. माझी खुर्ची या खिडकीपाशी असते. पोरगी चूल चांगली रसरसती ठेवून भांडं घेऊन निघायची. तासाने यायची. वाशांपाशी थांबायची, भांडं बर्फात उलटं करायची आणि हात पुसत घरात यायची. आमची चूल विझलीच नव्हती. तिच्या आईनंतर एक दिवस नाही."

त्यांनी फळीकडे बोट केलं. माझी पेटी तिथे होती. उघडून बघ म्हणाले. मी पेटवून दाखवली त्यानंतर चिंधीला एकही ठिणगी लागलेली नव्हती. दगडाची धार होती तशी.

"छान काम आहे," कॅप्टन म्हणाले. "पण ती आणल्या दिवशी पोरगी जेवली नाही."

१४ मार्च, नंतर

रस्त्यातच गाठलं तिला. हातात शिवणाचं गाठोडं, बुटांना घोट्यापर्यंत चिखल. मी धावत गेलो होतो. म्हटलं, तू निखारे टाकून देत होतीस.

"हो," ती म्हणाली.

म्हटलं, मग सांगायचं ना.

"सांगायचं?" ती थांबली. "झीनस, स्टोवेलच्या पोरीला चूल राखता येत नाही, हे मी अख्ख्या गावाला म्हणू दिलं. माझ्या आईच्या चुलीला नावं ठेवू दिली. तुला एकट्यालाच कळायचं राहिलं होतं. आणि तू काय दिलंस? पेटी. वर सांगितलंस, आता कधीच येऊ नकोस."

येऊ नकोस असं नव्हतो म्हणालो, यायला नको असं म्हणालो होतो. हे मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, तुझं ग्रीक चांगलं असेल.

मग मी सगळं बोललो. आठ ओळी, मास्तर, नाव. ती ऐकत राहिली आणि गाठोड्याची गाठ सोडत-बांधत राहिली. गिरणीला नको जाऊ म्हटलं. करार मोड. ती म्हणाली, नाव दिलंय, मी दौती फेकत नाही. म्हटलं, मग मीही तिकडे येतो, कापसाच्या गाठी उचलेन, काहीही करेन. ती म्हणाली, ते सोपं आहे, तुला निघून जाणं नेहमीच सोपं असतं.

तेवढं बोलून ती चालायला लागली. मी शेजारून, एका हाताच्या अंतरावर. कुंपण आलं तेव्हा मी विचारलं, मग अवघड काय आहे.

तिने गाठोडं आडव्या वाशावर ठेवलं. मग म्हणाली, "बाबांना रटलंडला जायचं नाही. पण त्यांना वाकता येत नाही. रोज संध्याकाळी निखारे झाकायला आणि सकाळी उकरायला कुणीतरी हवं. रोज. एक वर्ष."

मी राखेन, म्हटलं. ती हसली, ओठावर हात ठेवून, खूप वेळ. म्हणाली, तू? तू तर चूल दिसली की निखारे डिवचतोस.

१५ मार्च

घरी येऊन आत्याला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "मला कशाला, गोठ्यातल्या गायीला माहीत होतं." मग सांगितलं का नाहीस? आत्याने विणकाम खाली ठेवलं. "मी रोज विस्तव देत होते, झीनस. चांगले निवडून, आणि दोनदा. अजून काय करायचं होतं मी?"

१८ मार्च

उद्या गाडी येते. आज सूर्य मावळायच्या सुमारास रॉक्सीने शिकवलं. कॅप्टन खुर्चीतून सूचना देत होते, ती त्यांना गप्प करत होती.

मागचा मोठा ओंडका हलवायचा नाही. पुढचे निखारे त्याच्या पोटाशी ओढायचे, एकमेकांना चिकटून. मग राख. मी फावड्याने राख टाकली आणि थोपटली. तिने माझं मनगट धरलं. "दाबायची नाही. गुदमरतात. पांघरूण घालतोस ना, तशी टाक. वर कुठे लाल दिसता कामा नये, आणि आत हवा राहिली पाहिजे."

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा. तिचा हात माझ्या हातावर होता आणि कॅप्टन अचानक छताकडे बघून साखरेच्या हंगामाबद्दल बोलायला लागले. चौथ्यांदा तिने हात काढून घेतला आणि मला एकट्याला करू दिलं. राखेचा ढीग झाला, वरून थंड, करडा, मेल्यासारखा. मी म्हटलं, विझला. ती म्हणाली, सकाळी बघ.

१९ मार्च

गाडी आठला गेली. आत नऊ मुली, त्यातल्या दोघी रडत होत्या. रॉक्सी रडली नाही. तिने टोपीची नाडी बांधली, मला म्हणाली, "घाई करू नकोस," आणि वर चढली. मी गाडीमागे धावलो नाही. पाय निघत होते, तरी नाही.

पहाटेच मी तिच्या घरी गेलो होतो, ती उठायच्या आधी. राख उकरली. ओंडक्याच्या पोटाशी सगळे निखारे होते. लाल, शांत.

२ एप्रिल

ऑर्सन पीकने रस्त्यात मला 'कॅप्टनची मोलकरीण' म्हटलं. मी म्हटलं, घाईत आहे, चूल उघडायची आहे. ईनॉकने ऐकलं आणि हातोडा थांबवून माझ्याकडे बघितलं.

पेट्यांची कामं चालू आहेत, पण दुपारनंतर. दोनदा निखारे मरता मरता वाचले. एकदा मी डिवचले, एकदा राख ओली होती. कॅप्टन म्हणतात, पोरगी आईच्या हाताखाली शिकताना पहिल्या वर्षी पाचदा विझवून बसली होती, आईने कुणाला कळू दिलं नाही.

२९ एप्रिल

कॅप्टनना रॉक्सीला पत्र लिहायचं होतं. त्यांचा हात थरथरतो, म्हणून मी लेखणी घेतली. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. गाय व्याली. डॉर्कसने पाव पाठवला. पाय दुखतो, पण पावसाळी हवेने. चूल ठीक आहे.

"चूल ठीक आहे," त्यांनी पुन्हा सांगितलं. "खाली रेघ ओढ."

ओढली. खाली अर्धं पान मोकळं होतं. मी लेखणी त्यांच्याकडे दिली, सही करायला. त्यांनी सही अगदी वरच्या कोपऱ्यात, समासात केली, इवलीशी, आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"उरलेलं तुझं," म्हणाले. काठी टेकत खुर्ची फिरवली आणि खिडकीबाहेर, कुंपणाच्या दिशेने बघत बसले. तिथे आता नुसतं हिरवं आहे.

मी चार महिने या वहीत पानंच्या पानं भरली. आज अर्ध्या पानाला दीड तास लागला. कॅप्टननी एकदाही मागे वळून बघितलं नाही. काय लिहिलं ते इथे उतरवत नाही.